शाळेत संमिश्र शिक्षण आणताना आधी वेळापत्रक बघा, टॅब नंतर

वहीपेन (धागा सुरू करणारी)

शाळांमध्ये संमिश्र शिक्षण, म्हणजे ज्याला सगळे ब्लेंडेड म्हणतात ते, वर्गातलं शिकवणं आणि संगणक-मोबाइलवरचं शिकणं यांची सांगड, रुजवायला मदत करण्याचं काम मी करते. मुख्याध्यापकांबरोबरच्या पहिल्या बैठकीत बहुतेक वेळा दोनच प्रश्न येतात: टॅब कुठले घ्यायचे आणि अ‍ॅप कुठलं घ्यायचं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते बऱ्याच नंतरचे आहेत. आधी हे ठरायला हवं की शिक्षकाचा समजावून सांगण्यात जाणारा वेळ थोडाफार व्हिडिओने किंवा सरावाच्या सॉफ्टवेअरने उचलला, तर मोकळ्या झालेल्या वेळात शिक्षक नेमकं काय करणार. हे कागदावर उतरल्याशिवाय खरेदीची फाइल उघडू नये, असं माझं ठाम मत आहे.

पेरू देशाचं उदाहरण मी जिथे जाईन तिथे सांगते. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दर विद्यार्थ्यामागे ०.१२ संगणक होते, ते १.१८ झाले, म्हणजे प्रत्येक मुलाच्या हातात यंत्र आलं. मुलं संगणक भरपूर वापरायला लागली, सर्वसाधारण विचारक्षमतेच्या चाचण्यांत थोडा फायदाही दिसला. पण गणित आणि भाषा यांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. कारण समजायला अवघड नाही. यंत्र वर्गात आलं, पण त्याचा उपयोग कुठल्या धड्याला आणि कशासाठी करायचा हे शिक्षकांसाठी कुणी आखून दिलेलं नव्हतं.

उलट बाजूचाही पुरावा आहे. दिल्लीत माध्यमिक वयाच्या मुलांवर माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा प्रयोग झाला, त्याचा शोधनिबंध २०१९ साली आला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात याचं माप) इतकी वाढ दिसली. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने ही मोठी वाढ आहे. मात्र तिथे नेमकं काय चाललं होतं ते बघा. शाळा सुटल्यावर दीड तासाचं सत्र असायचं. त्यातला अर्धा वेळ सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचा प्रश्न द्यायचं, आणि उरलेल्या अर्ध्या वेळात लहान गटाला माणूस शिकवायचा. कित्येक मुलं आपल्या इयत्तेच्या दोन-तीन वर्षं मागे होती. एका शिक्षकाला एका फळ्यावरून सगळ्या पातळ्यांना शिकवणं शक्य नव्हतं, ते काम यंत्राने उचललं. अडचण आधी ओळखलेली होती आणि साधन त्या अडचणीसाठी निवडलेलं होतं.

विक्रेत्यांच्या सादरीकरणात आणखी एक वाक्य हमखास असतं: 'संमिश्र पद्धत निव्वळ वर्गातल्या शिकवण्यापेक्षा सरस ठरते, हे सिद्ध झालंय.' त्याचा उगम अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१० च्या एकत्रित विश्लेषणात, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र मांडलेल्या अहवालात आहे. निष्कर्ष खरा आहे. पण तोच अहवाल पुढे सांगतो की संमिश्र गटांना बऱ्याचदा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालेलं होतं, त्यामुळे फायद्याचं श्रेय माध्यमाला देता येत नाही. शिवाय त्यात शालेय वयाच्या मुलांवरचे अभ्यास फार थोडे होते. शाळेने निर्णय घेताना हा अर्धा भागही समोर असायला हवा.

म्हणून माझी पद्धत अशी: एक इयत्ता, एक विषय, एक सत्र. त्या विषयातला असा भाग निवडायचा जिथे मुलं दरवर्षी अडकतात. शिकवणाऱ्या शिक्षकांना आठवड्यातली एक तासिका फक्त नियोजनासाठी द्यायची, आणि ती वेळापत्रकात छापायची. वेळापत्रकात न छापलेली तासिका पहिल्याच आठवड्यात बदली तासाला जाते.

इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, संगणक कक्ष सांभाळणारेही आहेत. तुमच्याकडे काय चाललं, काय अडलं, ते लिहा. माझ्याशी मतभेद असतील तर तेही हवेत.

---

बीजगणित

मी गणित शिकवतो. बऱ्याच गोष्टींशी सहमत आहे, थोडी वर्गातली भर घालतो.

संमिश्र म्हटलं की शाळा आधी उलट्या वर्गाकडे, म्हणजे फ्लिप्ड क्लासरूमकडे वळतात: समजावणं घरी व्हिडिओवर आणि गणितं वर्गात. कोलोराडोमधले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स, यांनी २००७ च्या सुमारास गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी तासिका रेकॉर्ड करायला सुरुवात केली, आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. त्यांच्यासमोर एक ठोस अडचण होती. आपल्या वर्गातली अडचण वेगळी असेल तर तीच पद्धत गळ्यात पडते. निम्मा वर्ग व्हिडिओ बघून आला आणि निम्मा न बघता, की शिक्षक परत फळ्यावर तेच शिकवतो, आणि बघून आलेल्यांना वाटतं उगाच बघितला.

मी घरी व्हिडिओ पाठवत नाही. जोडतासिकेत वर्गाचे तीन गट करतो. एक गट माझ्याजवळ, एक उपकरणांवर सराव करणारा, एक जोडीने वहीत गणितं सोडवणारा. वीस मिनिटांनी गट फिरतात. छत्तीस मुलांना बारा उपकरणं पुरतात. छत्तीस घेतली असती तर मला छत्तीस वाकलेल्या माना दिसल्या असत्या आणि माझ्याजवळचा बारा जणांचा गट झालाच नसता. तो गट हीच या सगळ्यातली कमाई आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुलं पूर्ण वर्गात लपून जातात. बारा जणांत ती दोन मिनिटांत दिसतात, आणि त्यांना त्यांच्याच वहीवर चूक दाखवता येते.

सुरुवातीला गोंधळ होतो, हे आधीच सांगून ठेवतो. गट बदलताना आवाज वाढतो, उपकरणाच्या गटातला एखादा सतत 'सर, हे उघडत नाही' म्हणत येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात गणित कमी आणि फिरण्याची सवय जास्त. अडलं तर आधी शेजाऱ्याला, मग गटप्रमुखाला, मग मला विचारायचं, हा नियम मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत मी नवा धडा घेत नाही.

व्हिडिओ वापरायचेच असतील तर छोटे हवेत. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली आला. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. आणि ते स्वतःहून शिकायला आलेले लोक होते, शाळेतल्या मुलांसारखे बसवलेले नव्हते. चाळीस मिनिटांचं व्याख्यान रेकॉर्ड करून चढवणं म्हणजे शिक्षकाची मेहनत वाया.

---

दुसरी_घंटा

मुख्याध्यापक म्हणून लिहितो. वहीपेन ताई, तुमचं म्हणणं तत्त्वतः पटतं, पण आमच्या हातात तेवढं नसतं. निधी येतो तो उपकरणांसाठी येतो आणि ठरावीक तारखेपर्यंत खर्च करावा लागतो. 'आधी वर्षभर वेळापत्रकावर विचार करतो' असं सांगितलं तर निधी परत जातो. दुसरी गोष्ट, एकाच इयत्तेला दिलं तर बाकीचे पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतात. आणि नियोजनाची तासिका द्यायची तर तेवढे शिक्षक हवेत. एक जण रजेवर गेला तर बदली तास द्यायला माणूस नसतो.

हे सगळं तक्रार म्हणून लिहीत नाही. या परिस्थितीत काय करता येईल ते खरोखर हवंय.

---

वहीपेन

दुसरी_घंटा सर, हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते फार चांगलं झालं, कारण बहुतेक शाळांची स्थिती हीच आहे.

निधी खर्च करणं भागच असेल तर कमी उपकरणं घ्या आणि बाकीची रक्कम बाकीच्या गोष्टींकडे वळवता येते का ते नियमांत बघा: हेडफोन, कुलपाचं चार्जिंग कपाट, जादा चार्जर, दुरुस्तीचा करार, वर्गातली वायरिंग. बीजगणित सरांनी दाखवलंच आहे की वर्गाच्या एक तृतीयांश उपकरणांत काम भागतं. तीन वर्गांना आळीपाळीने वापरता येतील असा संच घेतला तर पालकांच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं: उपकरणं सगळ्यांसाठी आहेत, पद्धत मात्र यंदा एका इयत्तेत बसवतोय आणि पुढच्या सत्रात दुसरी. पालकांना हे पालकसभेत आधीच सांगितलं तर विरोध बराच निवळतो. नंतर कळलं तर संशय येतो.

शिक्षकांच्या वेळेचं उत्तर सोपं नाही, आणि यावर मी तडजोड सुचवणार नाही. नवीन पद्धत शिक्षकाच्या रात्रीच्या वेळेवर उभी केली तर ती एका उत्साही शिक्षकापुरती चालते आणि त्याची बदली झाली की बंद पडते. तासिका कुठून काढायची? काही शाळा दोन तुकड्या एकत्र करून आठवड्यातून एकदा वाचनतास किंवा खेळाचा तास ठेवतात, तेवढ्यात दोन शिक्षक मोकळे होतात. काही ठिकाणी साप्ताहिक सभेतल्या सूचना कागदावर फिरवतात आणि सभेचा वेळ नियोजनाला देतात. दर आठवड्याला जमलं नाही तर पंधरवड्याला. पण शून्य नको.

उरुग्वेची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्या देशाने २००७ पासून प्लान सेइबालखाली मुलांना लॅपटॉप दिले. पुढे लक्षात आलं की प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणारे शिक्षकच पुरेसे नाहीत. मग २०१२ मध्ये सेइबाल एन इंग्लेस सुरू झालं: आठवड्यातला एक तास दूरवरचा शिक्षक व्हिडिओवरून घेतो, आणि उरलेले तास वर्गशिक्षकच घेतो, त्याचं स्वतःचं इंग्रजी बेताचं असलं तरी. वर्ग सांभाळणं, मुलांना ओळखणं, सराव करून घेणं हे त्याचं काम, उच्चार आणि भाषा हे दूरच्या शिक्षकाचं. दोघं दर आठवड्याला आपसात बोलून पुढचे तास ठरवतात. मला या रचनेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच आपसातलं बोलणं. ते काढून टाकलं तर उरतो फक्त भिंतीवरचा पडदा.

---

आई_दोघांची

पालकाच्या बाजूने तीन गोष्टी.

घरात मोबाइल एक आणि मुलं दोन. मोबाइल ज्याच्या हातात असतो तो माणूस कामावरून रात्री येतो. त्यानंतर दोघांचा ऑनलाइन गृहपाठ. हे कुठल्याही शाळेला दिसत नाही, कारण हजेरीच्या तक्त्यात फक्त 'सादर केला नाही' एवढंच उमटतं.

दुसरं, मूल पडद्यावर वाचतं तेव्हा वाचल्यासारखं वाटतं, पण विचारलं तर सांगता येत नाही. हे फक्त माझ्या मुलांचं आहे का?

तिसरं, पासवर्ड. प्रत्येक विषयाचं वेगळं अ‍ॅप, वेगळा पासवर्ड, वेगळी सूचना. ते सगळं सांभाळणं पालकांकडे येतं.

---

ग्रंथपाल_क

आई_दोघांची, दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर: नाही, फक्त तुमच्या मुलांचं नाही. कागद आणि पडदा यांची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झालं, सहभागी एक लाख सत्तर हजारांच्या वर. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला. वेळेचं बंधन असेल आणि मजकूर माहितीपर असेल तेव्हा फरक जास्त. पडद्यावर वाढलेल्या पिढीत हा फरक मिटत जाईल अशी अनेकांची अपेक्षा होती, पण त्या अभ्यासात तो वर्षागणिक कमी होताना दिसला नाही.

त्यामुळे लांब वाचन पुस्तकातून, आणि लगेच उत्तर तपासून देणारा सराव पडद्यावर, अशी वाटणी मला योग्य वाटते. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ टॅबवर चढवली म्हणजे ऑनलाइन शिक्षण झालं असं समजणाऱ्या शाळा पाहिल्या की वाईट वाटतं. त्यात पुस्तकाचा फायदाही जातो आणि यंत्राचाही मिळत नाही.

---

वहीपेन

पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर लिहिते.

घरच्या उपकरणावर अवलंबून राहणारं काहीही गुणांसाठी धरायचं नाही, हा नियम मी प्रत्येक शाळेला लेखी ठेवायला सांगते. युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) यांच्या २०२० च्या अहवालानुसार ३ ते १७ वयोगटातल्या १३० कोटी मुलांच्या, म्हणजे जगातल्या या वयाच्या दोन तृतीयांश मुलांच्या, घरी इंटरनेट नव्हतं. पुढे परिस्थिती बदलली असेल, पण घरात एक फोन असणं आणि मुलाच्या हाती तो अभ्यासाच्या वेळी असणं यांतलं अंतर आकडेवारीत येत नाही. शाळेने वर्षाच्या सुरुवातीला साधा कागदी फॉर्म भरून घ्यावा: घरी उपकरण आहे का, कुणाचं, दिवसाच्या कुठल्या वेळी मोकळं असतं, किती भावंडांत वाटलं जातं. मग संगणक कक्ष शाळेआधी किंवा शाळेनंतर तासभर उघडा ठेवायचा की नाही, हे त्या फॉर्मवरून ठरतं.

पासवर्डसाठी: एका वर्षात दोनपेक्षा जास्त व्यासपीठं नकोत. एक जिथे सूचना आणि साहित्य मिळेल, एक जिथे सराव होईल. मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्तस्रोत आहे आणि एखाद्या शाळेच्या सगळ्या विषयांना पुरतं. नवं अ‍ॅप आणायचं असेल तर जुनं कुठलं काढणार, हे त्याच सभेत ठरवा.

---

स्विच_आणि_राउटर

शाळांचं नेटवर्क बघतो. बहुतेक योजना पहिल्या दहा मिनिटांत मोडतात, म्हणून तांत्रिक बाजू थोडी सविस्तर.

एक मूल मध्यम दर्जाचा व्हिडिओ बघत असेल तर साधारण एक ते दीड एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) लागतात. तीस मुलांनी एकाच वेळी सुरू केलं तर तीस ते पंचेचाळीस, तेही सलग आणि स्थिर. शाळेची जोडणी कागदावर पुरेशी असली तरी त्याच वेळी कार्यालय, दुसरा वर्ग आणि उपकरणांचे आपोआप होणारे अपडेट्स तीच वाटून घेतात. अपडेट रात्रीच्या वेळेवर ठेवा, एवढ्या एका बदलाने कित्येक शाळांचा त्रास संपतो.

इंटरनेट नसेल किंवा भरवशाचं नसेल तरी थांबायची गरज नाही. कोलिब्री नावाची मोफत प्रणाली आहे, ती लर्निंग इक्वालिटी या संस्थेने खास कमी जोडणीच्या शाळांसाठी बनवली. एका जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ती बसवा, साहित्य एकदा उतरवून ठेवा, वर्गातल्या वायफायवरून मुलं वापरतात, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. मुलांची प्रगती त्याच संगणकावर नोंदली जाते आणि शिक्षकाला दिसते.

आता लॉगिन. चौथीतल्या मुलाला दहा अक्षरी पासवर्ड टाकायला लावला तर तासिकेचा पाव भाग गेला. लहान वर्गांना चित्राचा पासवर्ड किंवा क्यूआर कार्ड द्या, कार्डं वर्गातच डबीत ठेवा. प्रत्येक उपकरणावर मोठा क्रमांक चिकटवा आणि क्रमांक मुलाच्या हजेरी क्रमांकाशी जोडा, म्हणजे कोणतं कुणी मोडलं याची चौकशी होत नाही आणि मुलं स्वतःचं जपतात. दर दहांमागे एक उपकरण राखीव ठेवा.

आणि शिक्षकाला सांगा की पाच मिनिटांत सुरू झालं नाही तर सोडून द्या, वहीचा सराव तयार ठेवा. हे मी नेटवर्कवाला असून सांगतोय. शिक्षक मुलांसमोर वायर तपासत बसला की तो पुढच्या वेळी ते कपाट उघडतच नाही.

---

शंकेखोर_वाचक

मला स्पष्ट विचारायचंय. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा १९० हून अधिक देशांतल्या दीडशे कोटींहून जास्त मुलांवर हा ऑनलाइनचा प्रयोग झालाच ना? मुलं मागे पडली, शिक्षक थकले. स्वीडनसारख्या देशाने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे परतायचं धोरण घेतलं. मग शाळा सुरू असताना हे पुन्हा का?

---

बीजगणित

तुमचा राग समजतो. पण तेव्हा जे झालं ती आपत्कालीन सोय होती, कुणी आखलेली पद्धत नव्हती. वर्गातलं वेळापत्रक जसंच्या तसं व्हिडिओ कॉलवर टाकलं, आठ-आठ तास मुलं पडद्यासमोर. मी त्यातून एवढं शिकलो की समोरासमोरची तासिका किती मौल्यवान आहे. म्हणूनच ती समजावून सांगण्यात पूर्ण खर्च होऊ नये असं वाटतं.

---

वहीपेन

शंकेखोर_वाचक, त्याच काळातला एक अभ्यास तुम्हाला सांगते. बोट्सवानात शाळा बंद असताना कुटुंबांना दर आठवड्याला साधे एसएमएस पाठवले, त्यात थोडीशी गणितं. काही कुटुंबांना त्याबरोबर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा शिक्षकाचा फोन. शोधनिबंध २०२२ साली नेचर ह्यूमन बिहेवियर मध्ये आला. फोन आणि एसएमएस दोन्ही मिळालेल्या मुलांचं गणित ०.१२ प्रमाण विचलनाने सुधारलं, नुसत्या एसएमएसचा परिणाम क्षीण होता. ना इंटरनेट, ना टॅब. फरक पडला तो मुलाला त्याच्या पातळीचं गणित देऊन उत्तर ऐकणाऱ्या माणसाने.

हा प्रकार नवा नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जमधून १९५१ साली रेडिओवरची शाळा सुरू झाली, दूरच्या वस्त्यांतली मुलं शिक्षकाशी दोन्ही बाजूंनी बोलू शकत होती. मेक्सिकोत १९६८ पासून तेलेसेकुंदारिया चालतं: दूरचित्रवाणीवर धडा, आणि वर्गात एक शिक्षक सगळे विषय सांभाळणारा. ज्या व्यवस्था टिकल्या त्यांत मुलाजवळ कुणीतरी माणूस होता.

स्वीडनचा निर्णय माझ्या म्हणण्याच्या विरोधात आहे असं मला वाटत नाही. लहान मुलांच्या हातात पुस्तक असावं याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पिसा २०२२ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही दोन्ही बाजू दिसतात: शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासभरापर्यंत उपकरणं वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ ने जास्त होते, तर शेजाऱ्याच्या उपकरणामुळे लक्ष विचलित होतं असं सांगणाऱ्यांचे १५ ने कमी. यातून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, तरी किती आणि कशासाठी हे ठरवण्याचं महत्त्व दिसतं.

---

खुणा_आणि_आवाज

विशेष गरजा असणाऱ्या मुलांना शिकवते. कुणी काढलं नाही म्हणून लिहिते.

साहित्य निवडताना तीन गोष्टी तपासा. व्हिडिओला मुलांच्या भाषेतली उपशीर्षकं आहेत का. आपोआप बनलेली असतील तर कुणी वाचून दुरुस्त केली आहेत का. मजकूर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येतो का. पुस्तकाची पानं स्कॅन करून चढवली तर ते नुसतं चित्र असतं, अंध मुलाला काहीच ऐकू येत नाही. आणि उत्तर देण्यासाठी वेळमर्यादा असेल तर ती वाढवता येते का.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला गर्दीत उत्तर द्यायला जमत नाही, पण तो लेखी चर्चेत सविस्तर लिहितो. संमिश्र पद्धतीमुळे मला तो पहिल्यांदा कळला. म्हणून मला ही पद्धत हवी आहे, फक्त ती निवडताना आमची मुलं शेवटी आठवू नयेत.

---

आई_दोघांची

मुलांच्या माहितीचं काय? अ‍ॅपमध्ये नाव, फोटो, फोन नंबर सगळं मागतात.

---

स्विच_आणि_राउटर

काळजी योग्य आहे. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२२ साली ४९ देशांतली दीडशेहून जास्त शैक्षणिक उत्पादनं तपासली. दहांपैकी जवळपास नऊ मुलांची माहिती अशा प्रकारे हाताळत होती की त्यांच्या हक्कांना बाधा यावी किंवा येण्याचा धोका असावा. त्यातली बरीचशी सरकारांनी स्वतः सुचवलेली होती.

शाळेने करायचं ते असं: मुलाच्या खात्यात खरं नाव न टाकता हजेरी क्रमांक आणि वर्ग, पालकाचा फोन नंबर शक्यतो नकोच. कंपनीकडून लेखी घ्या की माहिती जाहिरातीसाठी वापरणार नाही आणि करार संपल्यावर पुसून टाकेल. कॅमेरा, माइक, ठिकाण या परवानग्या ज्या तासाला लागतात त्याच तासाला चालू. मोफत अ‍ॅपच्या बाबतीत जास्त काटेकोर राहा.

---

दुसरी_घंटा

बरंच मिळालं. एक शेवटचं: चाललंय की नाही हे कशावरून ठरवायचं? आमच्याकडे अहवालात 'लॉगिन संख्या' आणि 'वापराचे तास' भरून पाठवतात.

---

वहीपेन

ते दोन्ही आकडे बाजूला ठेवा. मूल लॉगिन करून खिडकीबाहेर बघत असलं तरी तास मोजले जातात.

सत्र सुरू होताना निवडलेल्या भागावर कागदी चाचणी घ्या, दहा-बारा प्रश्न, मागच्या इयत्तांचे काही त्यात हवेतच. तेच कौशल्य तपासणारी पण वेगळे प्रश्न असलेली चाचणी सत्राच्या शेवटी, आणि पुन्हा एकदा सुट्टीनंतर. सुट्टीनंतरची जास्त बोलकी. सरावाच्या भरात आलेलं आणि टिकलेलं यांत अंतर असतं: रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, आणि आठवड्याने पुढे होते ते स्वतःला आठवून तपासणारे. सरावाचं सॉफ्टवेअर निवडतानाही हेच बघा: ते मुलाला आठवायला लावतं की नुसतं दाखवत राहतं?

याशिवाय शिक्षकाला दर पंधरवड्याला दोन प्रश्न विचारा. या काळात कुठल्या मुलाबद्दल तुम्हाला आधी माहीत नव्हतं ते कळलं? आणि कुठला भाग पुन्हा फळ्यावर न्यावासा वाटला? पहिल्याचं उत्तर सलग दोनदा 'कुणाबद्दल नाही' आलं तर मोकळा झालेला वेळ दुसरीकडे जातोय. तो कुठे जातोय ते आधी शोधा.

थांबवायचं कधी, हेही सत्र सुरू व्हायच्या आधी लिहा. चाचणीत फरक नसेल आणि शिक्षकाला नको असेल तर थांबवणं हा योग्य निर्णय आहे, निधी खर्च झाला असला तरी.

---

दुसरी_घंटा

काल गणिताच्या दोन्ही शिक्षकांशी बोललो. सातवी, अपूर्णांक आणि परिमेय संख्या, पुढचं सत्र. एका तुकडीला बीजगणित सरांचे तीन गट, जोडतासिका मंगळवारी आणि गुरुवारी. शुक्रवारच्या सभेतला अर्धा तास नियोजनाला दिलाय आणि वेळापत्रकात छापायला सांगितलाय. उपकरणांचा आदेश पंधरा नगांचा काढतोय, उरलेल्या रकमेतून कपाट आणि हेडफोन बसतात का ते लेखा विभागाला विचारलंय. बीजगणित सर, गट फिरवण्याचा पहिल्या आठवड्याचा तुमचा आराखडा इथे टाकाल का? आमच्या शिक्षिकेला तो आधी बघायचाय.

---

बीजगणित

आज रात्री टाकतो. त्यांना सांगा, पहिल्या दोन दिवसांत उपकरणं कपाटातच ठेवायची. त्या गटालाही वहीतलीच गणितं द्यायची, फक्त घंटेवर जागा बदलायची सवय होऊ दे.